झाकून ठेवलेली चतकोर

चिखलीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आईनं माझ्या हातात खायचं काहीच दिलं नाही. शेजारच्या सीटवरच्या मुलीच्या मांडीवर चिवड्याचा डबा, शेंगदाण्याच्या चटणीची पुडी, वर चार उकडलेली अंडी. आणि माझी आई खिडकीखाली रिकाम्या हातांनी उभी, पदराचं टोक दातात धरून. बाबा आलेच नव्हते. शेतात हरभरा घाटे धरत होता आणि वांदरं हाकलायला कोणीतरी हवंच होतं. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा आई एकदाची बोलली.

"तठी मोठं देऊळ असन, मोठे पाळक असतीन. तू पोटभर जेवशीन, माय. पण मले उपाशी ठेवू नको. आयतवारी फोनवर वाढत जाय."

शेजारच्या मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू! म्हातारीला घरात कोणी जेवायला घालत नाही अशी तिची खात्रीच झाली. मला हसू आलं आणि रडूही आलं. देऊळगाव राजा येईपर्यंत मी तिला समजावत होते आणि तिच्या ते काही केल्या डोक्यात शिरलं नाही. तिनं मला एक अंडं मात्र दिलं.

तर झालं असं होतं की आमचं गाव उंद्रीच्या पुढं, आडवाटेला. बाबांनी माझ्या जन्माआधीच ख्रिस्त घेतला होता, भावांमध्ये एकट्यानं. गावात आमचं एकच घर. देऊळ, म्हणजे चर्च, चिखलीला. दर रविवारी सगळ्यांनी काळीपिवळीत बसून चिखलीला जायचं म्हणजे घर मोकळं, गुरं मोकळी आणि शेत वांदरांच्या हवाली. म्हणून बाबांनी एक रीत घातली. पाळीपाळीनं एकानं जायचं आणि सगळ्यांसाठी घेऊन यायचं. काय, तर पाळकांनी सांगितलेलं वचन आणि त्याचा अर्थ. जो गेला त्यानं चिखलीत चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, आणि जे मागे राहिले त्यांनी तो येईपर्यंत जेवायचं नाही. तो यायचा दोन-अडीचला. मग ओट्यावर सगळे बसायचे, भाकरी झाकलेल्या, बेसन झाकलेलं, आणि बाबा म्हणायचे, "हं, वाढ."

आधी वचन वाढायचं, मग भाकर.

माझी पाळी महिन्यातून एकदा यायची. स्टँडवरच्या कचोरीचा वास नाकात घेऊन मी तासभर जीप भरायची वाट बघत बसायचे, आणि ओठ हलवत पाळकांचं बोलणं घोकायचे. कारण घरी परीक्षा असायची. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिला गोष्ट अर्धवट चालायची नाही. "मंग तो काय म्हणे?" "त्याची बायको कुठं होती तव्हा?" "थांब, हे मोठं हाय, पुन्यांदा सांग." मी चौदाची असताना मान्नाचा उपदेश आणला होता. रानात रोज सकाळी आकाशातून मान्ना पडायचा, त्या दिवसापुरता गोळा करायचा, उद्यासाठी साठवला की किडे पडायचे. आईनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग म्हातारे माणसं कशे जमवत असतीन? त्यांच्यासाठी कोन आनत असन?" मला ठाऊक नव्हतं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई मात्र हसली नाही. पुढच्या खेपेला पाळकांना विचारून ये, म्हणाली.

आता वाटतं, त्या वयात मला देव आवडायचा. हे असं लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. भूक पोटातली कुठली आणि दुसरी कुठली हे वेगळं काढता यायचं नाही, दोन्ही एकदमच लागायच्या आणि दोन्ही त्या ओट्यावर भागायच्या.

पुण्यात मला कर्वेनगरच्या एका लॅबमध्ये काम लागलं. सकाळी सातला खिडकी उघडायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, "उपाशीपोटी आलात ना? चहा वगैरे नाही ना घेतला?" मग रक्त काढायचं. पहिल्याच आठवड्यात मी मैत्रिणीला म्हटलं, "मी जेवायले जातो," तर अख्खी लॅब हसली. आमच्याकडे बायाही 'मी जातो'च म्हणतात, त्यात काय एवढं! पण हसू ऐकवत नाही. सहा महिन्यांत मी 'जाते' म्हणायला लागले, 'काऊन'चं 'का' झालं, आणि पहिल्यांदा कोणी "तुम्ही पुण्याच्याच का?" विचारलं तेव्हा मी इतकी खूश झाले की बस. वऱ्हाडी उरली ती रविवारच्या फोनापुरती.

तो फोन मात्र पहिली दोन-तीन वर्षं मी मनापासून केला. चर्च सुटलं की मी जिन्यात जाऊन बसायचे. वही उघडायची आणि नंबर फिरवायचा. पलीकडे बाबांचा आवाज, "हं, वाढ." फोन स्पीकरवर, मागे कोंबड्या, आणि आईचं "थांब, पुन्यांदा सांग." इथले पाळक शिकलेले, त्यांचं बोलणं मुद्देसूद. आई म्हणायची, "हा माणूस कमी बोलते, पण पोट भरते."

मग बाबा गेले. ते एका परिच्छेदात सांगण्यासारखं नाही, पण एक गोष्ट सांगावीच लागेल. बाबांच्या भावकीला त्यांना अग्नी द्यायचा होता. आईनं ऐकलं नाही. तिनं चिखलीहून पाळकांना बोलावलं आणि बाबांना माती दिली. त्यावरून माझी मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, अंगणात उभी राहून आईला नाही नाही ते बोलली. आईनंही कमी केलं नाही. आमची आणि त्यांची मधली भिंत एक. त्या दिवसापासून त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन जावा राहिल्या, एकमेकींची खोकल्याची उबळ ऐकत, आणि नऊ वर्षं एक शब्द बोलल्या नाहीत. आईच्या प्रार्थनेत सगळं गाव यायचं. मोठी आई यायची नाही.

इकडे माझं लग्न झालं. नवरा अमोल पुण्यातच वाढलेला, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती, सज्जन माणूस. आम्ही धायरीला घर घेतलं, मोठ्या चर्चमध्ये जायला लागलो. गार हवेचा हॉल, पुढं मोठा पडदा, गिटार, ड्रम, आणि उपासना संपली की बाहेर कॉफीचं टेबल. मी कोणाला नावं ठेवत नाही. माणसं चांगली आहेत, पाळक तर फारच चांगले. बिघडले ती मी. आणि बिघडले तेही असं की कोणाच्या लक्षात येऊ नये. मी पाहुण्यांच्या स्वागताच्या गटात होते, बायकांच्या बैठकीत होते, नाताळाच्या कार्यक्रमात माझ्यावाचून पान हलत नसे. आणि घरी येताना गाडीत आम्ही उपदेशाला मार्क द्यायचो. आज थोडा लांबला. मागच्या वेळचा बरा होता. ते उदाहरण त्यांनी आधी एकदा सांगितलंय. लग्नाच्या पंगतीत पोट भरलेला माणूस जिलबीला नावं ठेवत बसतो ना, तशी मी झाले होते.

फोन एकचा दोनला गेला, दोनचा चारला. चर्चनंतर कोणाकडे तरी जेवण असायचं, मग झोप यायची. वहीतल्या ओळी कमी झाल्या, मग वहीच सापडेना. पुढं लॉकडाऊन आला आणि देव टीव्हीवर आला. आम्ही सोफ्यावर पाय घेऊन, हातात चहा, चहात खारी. लॉकडाऊन गेला, सोफा राहिला. मग मी आईला लिंक पाठवायला लागले. गावी राहिलेला माझा भाऊ तिच्या फोनवर लावून द्यायचा.

"लिंक काय करू वं मी?" आई म्हणाली. "तो मानूस माह्याशी बोलून नाई राह्यला. मले तुह्या तोंडून पाह्यजे."

मी वैतागले. आईला कळत नाही, मला किती कामं असतात, असं मी अमोलला म्हणालेसुद्धा.

आणि मग तो रविवार आला. उशिरा उठलो, चर्च बुडवलं, टीव्हीही लावला नाही. डोशाचं पीठ होतं, डोसे केले. दुपारी फोन वाजला. आईचा. ती कधी स्वतःहून करायची नाही. मला खरं सांगता आलं असतं. आज नाही गेलो आई, एवढंच तर म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांत 'आज वाढायला काही नाही' असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं, आणि माझी जीभ उचलेना. खिडकीतून खाली दिसत होतं, पार्किंगवरून सोसायटीतले दोघं भांडत होते. मी त्यांच्याकडे बघत बघत बोलायला लागले. आई, आज पाळक म्हणाले, ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे त्याच्या दारी आधी जा, मग देवाच्या दारी ये. नुसतं जाऊ नको. त्याच्या घरचं पाणी मागून पी.

पहिला भाग लहानपणापासून कुठंतरी ऐकलेला होता. पाण्याचं मी तिथल्या तिथं जोडून दिलं. डोसा उलटता उलटता.

पलीकडून आई म्हणाली, "थांब. हे मोठं हाय. पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. आणि फोन ठेवून डोसा खाल्ला. वाईट वाटलं का? थोडं. पण थोडंच. त्यानंतर असं आणखी पाच-सहा वेळा झालं आणि प्रत्येक वेळी कमी वाईट वाटलं. त्याच सुमाराला माझ्या लक्षात यायला हवं होतं की मी डोळे मिटले की मला फक्त डोळे मिटलेले कळतात. प्रार्थना म्हणून मी जे म्हणायचे ती कामांची यादी होती, शेवटी आमेन. मला देवाची आठवण येत नव्हती, आणि येत नाही हेही आठवत नव्हतं.

गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही सिंहगडावर गेलो. पिठलं-भाकर खायला! चांगली रांग लावून. हवा सुंदर होती, फोटो काढले, आईला फोन करायचा राहून गेला. संध्याकाळी पाचला वहिनीचा फोन आला, माझ्या भावाच्या बायकोचा, रत्नाचा.

"ताई, घाबरू नका. आई दुपारी मोरीपाशी पडल्या. साखर उतरली व्हती, लई उतरली. चिखलीच्या डॉक्टरनं सलाईन लावलं, आता बऱ्या हायेत."

"साखर उतरली? गोळी घेऊन जेवली नव्हती का ती?"

रत्ना म्हणाली, "ताई, तुमचा फोन आल्याबिगर त्या आयतवारी जेवतच नाईत. पहिल्यापासून. आपल्यात शपथ घालत नाईत म्हून, नाई तं त्यांनी मले शपथच घातली असती. सांगू नको म्हनाल्या, ती तिकडं घाईघाईत करन."

मी गाडीत बसले होते. मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते ते. मग एकेक रविवार आठवायला लागला. दोनचे, चारचे, 'उद्या करते आई'चे. आई साखरेची गोळी घ्यायची सकाळी आठला. गोळी घेऊन उपाशी राहिलं की काय होतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी दिवसातून वीस जणांना तेच तर सांगते. आणि माझी आई वर्षानुवर्षं भाकर झाकून, फोन मांडीवर घेऊन बसत होती. मी तिला वाढायचे ते घरी बनवलेलं खोटं.

सोमवारी सकाळची गाडी धरली. वाटेत जालन्याला गाडी थांबली, सगळे खायला उतरले, मला काही खाववेना. आईला सगळं सांगायचं, एवढंच ठरवलं होतं. आजवर जे वाढलं त्यातलं कितीतरी मी घरीच रचलंय, हे सांगायचं. ते ऐकून तिचं काय होईल याचा विचार करायची हिंमत नव्हती.

काळीपिवळीतून उतरून गल्लीत शिरले तर आमच्या अंगणात आई बाजेवर आडवी, आणि तिच्या पायाशी मोठी आई. आईचे तळवे चोळत होती. मी दारातच थांबले. मला वाटलं, आई जाणार आहे आणि म्हणून ही आली आहे.

"आली काय वं शीले?" मोठी आई म्हणाली. "तुह्या मायले जेवाचं समजत नाई अन् तुले फोनचं समजत नाई. दोघी सारख्याच."

रात्रीचं जेवण मोठ्या आईनंच केलं. मग रत्नाकडून आणि आईकडून तुकड्या-तुकड्यानं मला कळलं. दोन वर्षांपूर्वी मी तो पाण्याचा उपदेश सांगितला, त्यानंतर आई तीन दिवस नीट जेवली नव्हती. चौथ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मोठ्या बाई, पानी देता?" मोठी आई चुलीपुढं बसली होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "नऊ वर्षं काय कोरडी होती?" आई उभीच. मग मोठी आई उठली, तांब्या घासला, भरला, आणि इतक्या घाईनं पुढं केला की अर्धं पाणी आईच्या लुगड्यावर. दोघी खाली बसल्या आणि भिंतीपलीकडच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडल्या. भिंतीपलीकडे रत्नाच होती. तीही रडली.

"तूच तं वाढलं होतं," आई मला म्हणाली. "मी तुले सांगितलं नाई, म्हटलं तू आली की दाखवतो. दोन वर्सं तू आलीच नाई."

आता सांगा, मी काय करावं? पुण्याहून जे सांगायला आले होते ते सांगितलं तर त्या तांब्यालाच तडा जाईल असं वाटत होतं. न सांगावं तर आयुष्यभर तिच्या ताटात मी काय टाकलं ते एकटीनं जाणायचं. त्या रात्री मी बोलले नाही. सकाळी आई सूप घेऊन ओट्यावर तूर पाखडायला बसली. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. डोसा, पार्किंग, सगळं.

सूप थांबलं.

"म्हंजे पाळकानं नव्हतं सांगितलं?"

"नाही."

"पानी पी म्हून?"

"ते तर मीच जोडलं, आई. मनानंच."

मी तिचा इतका राग कधी पाहिला नव्हता. आवाज चढला नाही, पण मान ताठ झाली. "देवाचं नाव घेऊन खोटं बोलली तू," ती म्हणाली. "ते वाईटच केलं. त्याचं तू त्याच्याशी पाहून घे. माह्यापुढं रडू नको." आणि पुन्हा सूप हलवायला लागली. मी रडू नये म्हणून ओठ चावत बसले. पाखडता पाखडता ती जणू तुरीलाच म्हणाली, "मी तं त्याच्यावर जेवली. भूक होती मले. त्यानं तुह्या खोट्यातूनबी मले भाकर देली." आणि मग हात थांबवून माझ्याकडे वळली.

"अन् तू? तू काय जेवली वं इतके दिस?"

मारलं असतं तर बरं झालं असतं. माझ्याजवळ उत्तर होतं आणि ते एका शब्दाचं होतं. काही नाही. एवढी मोठी उपासना, एवढे उपदेश, एवढ्या बैठका, आणि मी काही नाही जेवले. भूकच नव्हती. पोट भरलंय असं वाटत होतं, आणि त्या पोटात काय होतं ते मलाच सांगता येत नव्हतं.

आईनं सूप बाजूला ठेवलं. आत रत्नानं बेसनाला फोडणी घातली होती. मी आदल्या दिवशी गाडीतही जेवले नव्हते, रात्रीही दोनच घास खाल्ले होते. मोठी आई ताटं घेऊन आली तर आईनं हातानं थांबवलं. "ताटं ठेवा, मोठ्या बाई. तुम्ही बसा. हिले आधी हे वाढतो."

आणि माझ्या निरक्षर आईनं मला वाढलं. मी सातवीत आणलेला पेरणाऱ्याचा दाखला, येशूनं सांगितलेली ती बियाण्याची गोष्ट. बाबांनी आणलेला, बाबांच्याच शब्दांत, मध्ये बाबा जिथं खोकले होते तिथं खोकून. जिन्यात बसून सांगितलेले पुण्याचे. मी विसरलेले, वहीसकट हरवलेले. तिच्याजवळ सगळे होते, रोजच्या वापरातले. मान्नाशी आली तेव्हा थांबली. "तू मले सांगितलं नाईच," ती म्हणाली, "म्हातारे माणसं कशे जमवत होते ते. आता मी म्हातारी झाली. डॉक्टर म्हनते बारा वाजता जेवाचंच. माह्याच्यानं आता उपाशी राहनं होत नाई. माह्या वाटचं तू उपाशी राय. अन् जमवून आन."

फोडणीचा वास येत होता. पोटात कावळे ओरडत होते. आणि त्या भुकेच्या मागून हळूहळू दुसरी लागली, लहानपणी लागायची ती. मी ओट्यावर डोळे मिटले आणि कितीतरी वर्षांनी मला फक्त डोळे मिटलेले कळले नाहीत. काय म्हणाले ते आठवत नाही. तू मला हवा आहेस, असलंच काहीतरी, लहान मूल म्हणेल तसं. डोळे उघडले तर मोठी आई, जिनं बाबांच्या मातीवरून एवढं रान उठवलं होतं, ती हात जोडून बसलेली. "झालं का तुमचं?" ती म्हणाली. "बेसन थंड होऊन राह्यलं."

याला आता वर्ष होत आलं. चर्च तेच आहे, गार हवा तीच, पाळक तेच. मी रविवारी काही न खाता जाते. कॉफीच्या टेबलाशी उभी राहून लोकांना कप देते आणि स्वतः घेत नाही. अमोल पहिल्यांदा म्हणाला, "काय, उपाशीपोटी रक्त द्यायचंय का?" आता तोही चहा सोडून येतो, पण खारी खातो गाडीत. खाऊ दे. नवी वही घेतली आहे. मार्क देणं एकदम सुटलं असं नाही, जीभ वळवळते. आणि प्रत्येक रविवारी काही मिळतंच असंही नाही. दोन आठवड्यांपूर्वी मला काहीच लागलं नाही, कोरडी बसून आले. तसंच सांगितलं आईला, आज वाढायला काही नाही. हे म्हणायला मला इतकी वर्षं लागली. ती म्हणाली, "नसन तं नसन. माह्याजवळचं घे मंग."

गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या तुम्हा सगळ्यांना मला एवढंच सांगायचं आहे की मी गावाला फार मिस करते, असं जे मी इतकी वर्षं म्हणत आले, ते ओटा, तूर, कोंबड्या यांच्यासाठी नव्हतं. ते इथं विकतही मिळतं, गडावर रांग लावून. मला आठवण यायला हवी होती ती त्या भुकेची, आणि ती मी चिखलीच्या स्टँडवरच सोडून आले होते, आईचे हात रिकामे दिसले म्हणून. आता वाटतं, त्या दिवशी सगळ्यांत भरलेली शिदोरी माझीच होती. घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी चर्च सुटल्यापासून फोन लागेपर्यंतची वेळ दाखवीन. पोट ओरडत असतं आणि मी पार्किंगमध्ये वही उघडून उभी असते.

परवा रविवारी एकच्या आतच फोन लावला. आईनं पहिल्या घंटीला उचलला.

"जेवलीस ना?" मी दरडावून विचारलं. "बारा वाजता? खरं सांग."

"जेवलो वं, जेवलो. मोठ्या बाईनं पुढ्यात बसून खाऊ घातलं. डॉक्टरचं सारं ऐकतो मी." मागे कोंबड्या, आणि मोठ्या आईचं खोकणं, भिंतीच्या अलीकडून. मग आईनं आवाज खाली घेतला. "पण चतकोर झाकून ठेवली हाय. तू वाढलं की खातो. हं, वाढ, माय."